लॅपटॉप एक, घरातली कामं तीन

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. लेक यंदा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला लागली. घरूनच एसटीनं जाऊन-येऊन शिकणार आहे. लॅपटॉप तिच्या नावानं घ्यायचा, पण खरं तर तो तिघांना लागणार. आमचे हे ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची लहानसहान बांधकामं घेतात. हिशेब टॅलीत असतो आणि ऑनलाइन टेंडर भरायला डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आहे. मी २००९ मध्ये माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, तीनशेच्या वर, गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. त्या जुन्या लॅपटॉपवर नीट दिसतात, पण भावाला मेल केल्या की त्याच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरं. जुना लॅपटॉप २०१६चा, ४ जीबीचा, विंडोज १०वर आहे. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. साठ हजार बाजूला काढलेत. पुण्याचे दीर म्हणतात मॅक घ्या, पुढची कितीतरी वर्षं बघायला नको. लेकीला सीनियर मुलांनी सांगितलंय, लिनक्सच हवं. दुकानदार म्हणतो, डॉसचा घ्या, पाच-सहा हजार वाचतील, विंडोज आम्ही फुकट टाकून देतो. मी काय करू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

गेली पंचवीसेक वर्षं मी लोकांना कॉम्प्युटर शिकवते आहे आणि त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन तो घेऊनही देते आहे. ‘कोणता घेऊ’ असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते : तुमच्या घरातलं सगळ्यात हट्टी काम कोणतं? हट्टी म्हणजे जे दुसऱ्या कशावर धड होत नाही आणि अडलं तर पदरचे पैसे जातात, असं काम. बाकीची कामं समजूतदार असतात. इंटरनेट, मेल, व्हिडिओ, पत्र टाइप करणं, मुलांचा अभ्यास हे सगळं विंडोजवर होतं, मॅकवर होतं, लिनक्सवरही होतं. हट्टी काम जिथे चालतं ती सिस्टिम घरात आणायची आणि समजूतदार कामांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं.

तुमच्या पत्रात लॅपटॉप लेकीसाठी आहे, म्हणून सगळे तिच्या अभ्यासाचा विचार करतायत. पण हट्टी काम तिचं नाही, तिच्या वडिलांचं आहे.

टॅली विंडोजसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर ते चालवायला आडवाटा आहेत. मॅकच्या पोटात वेगळे पैसे भरून विंडोज बसवता येतं, किंवा टॅली दुसऱ्या विंडोज मशीनवर ठेवून ब्राउझरमधून उघडता येतं. पण मार्चअखेरीला, हिशेब गळ्याशी आलेला असताना, आडवाटेनं जाण्याची वेळ तुमच्या यजमानांवर का आणायची?

त्याहून अवघड आहे ते सहीचं टोकन. ते वरून पेनड्राइव्हसारखं दिसतं, पण त्याच्या आत एक चिप असते, त्या चिपमध्ये सहीची गुप्त किल्ली असते आणि ती किल्ली चिपमधून कधीच बाहेर येत नाही. टेंडरच्या संकेतस्थळानं तिला सही मागायची तर मध्ये दोन दुभाषे लागतात : टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला टोकनची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, आणि सही करून देणारं सॉफ्टवेअर, जे बहुधा जावा नावाच्या आणखी एका सॉफ्टवेअरवर चालतं. या तिघांचं एकमेकांशी जुळलं तर सही होते, नाहीतर पडद्यावर एक लाल ओळ येते आणि काही कळत नाही. बऱ्याच टोकनांचे ड्रायव्हर मॅक आणि लिनक्ससाठीही मिळतात, हे मला माहीत आहे. पण अडल्यावर तुम्ही ज्याला फोन कराल, मग तो टोकन विकणारा असो नाहीतर कर सल्लागाराच्या ऑफिसातला मुलगा, त्याला विंडोजच येतं. ‘खाली उजवीकडे घड्याळाच्या बाजूला बघा’ असं तो सांगेल आणि दुसऱ्या सिस्टिमवर तिथे काहीच नसेल.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या ओळखीतल्या एका ठेकेदारांच्या मुलानं घरचा लॅपटॉप मोठ्या हौसेनं लिनक्सवर नेला. मुलगा हुशार, काम नीटच केलं होतं त्यानं. पण तो परीक्षेला गेलेला असताना वडील दुपारी टेंडर भरायला बसले आणि तीन वाजता मुदत संपली. टोकन ओळखलंच गेलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्या घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की सगळे गप्प बसायचे. म्हणून सांगते : नव्या लॅपटॉपवर विंडोज असू दे.

आता दुकानदाराचं. ‘डॉसचा लॅपटॉप’ म्हणजे ज्यात विंडोज घातलेलं नाही, फक्त नावापुरती एखादी फुकट सिस्टिम आहे असा लॅपटॉप. त्यात स्वतः लिनक्स घालणाऱ्या माणसासाठी ही उत्तम खरेदी आहे, पैसे खरंच वाचतात. पण तुमचा दुकानदार त्यात ‘फुकट विंडोज’ घालणार आहे. विंडोज फुकट नसतं, ताई. तो घालेल ते कुलूप तोडलेलं, म्हणजे चोरीचं असेल. आणि कुलूप तोडायला जो छोटा प्रोग्राम चालवतात तो चालावा म्हणून आधी लॅपटॉपचं अँटिव्हायरस बंद करतात. त्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आत आलं ते दुकानदारालाही माहीत नसतं. ज्या मशीनवर यजमानांची कायदेशीर सही चालणार, बँकेचे पासवर्ड टाइप होणार, कामांची बिलं असणार, त्या मशीनचा पहिलाच दिवस असा सुरू व्हावा हे मला अजिबात पटत नाही. या मुद्द्यावर मी एक पाऊलही मागे घेणार नाही. सहा हजार कुठेतरी वाचवायचेच असतील तर स्क्रीन एक इंच लहान घ्या, पडद्याला स्पर्श करून चालणारं मॉडेल सोडून द्या, बॅग घरचीच वापरा. विंडोज मात्र कंपनीनंच घालून दिलेलं हवं.

त्याचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. कंपनीनं घातलेल्या विंडोजचा परवाना त्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच नोंदवलेला असतो. पुढे कधी सगळं पुसून विंडोज नव्यानं घालावं लागलं तर तीच आवृत्ती परत घालायची, कुठलाही नंबर शोधायला लागत नाही. बरोबर एमएस ऑफिस येतं का तेही विचारा. काही मॉडेलांबरोबर ते कायमचं येतं, काहींबरोबर वर्षभराचं, आणि वर्ष संपलं की पैसे मागायला लागतं. दुकानदार दोन्हींना ‘ऑफिस आहे’ एवढंच म्हणतो. बिलावर नेमकं काय ते लिहून घ्या.

विंडोजचा लॅपटॉप म्हटलं की आता एक नवी खबरदारीही घ्यावी लागते. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात जोरात आलेत. मोबाइलच्या जातीची ही चिप आहे. बॅटरी खूप चालते, मशीन तापत नाही. नेहमीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम ते विंडोज आतल्या आत भाषांतर करून चालवतं. पण ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही. टोकनचा ड्रायव्हर, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर हे खास त्या चिपसाठी लिहिलेले नसतील तर चालणारच नाहीत. म्हणजे विंडोज घेऊनही यजमानांची सही अडायची. तुमच्यासाठी इंटेल किंवा एएमडीचाच प्रोसेसर बरा. आणि दुकानात ‘एस मोड’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका; त्या अवस्थेत विंडोज फक्त मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातली ॲप घेतं, पण तिच्यातून कायमचं बाहेर पडता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दिरांना वाईट वाटू नये म्हणून मॅकबद्दल मनापासून लिहिते. २०२० मध्ये ॲपलनं स्वतःची एम१ चिप आणली तेव्हापासून मॅकबुक एअर हा फार चांगला लॅपटॉप झाला आहे. त्यात पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. चार्जर घरी विसरला तरी कॉलेजचा दिवस निघतो. प्रोग्रामिंगलाही तो उत्तम, कारण त्याचा पाया युनिक्सचा आहे, आणि आयफोनची ॲप बनवायची तर मॅकच लागतो. लेक एकटी वापरणार असती, हातात पैसे जास्त असते आणि टोकन घरात नसतं, तर मी दिरांच्याच बाजूनं बोलले असते. पण नवा मॅक साठ हजारांत बसवताना ओढाताण होईल. त्यात मेमरी चिपलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणजे आज कमी घेतली तर कायमची कमी. आणि पूर्वीच्या इंटेल मॅकवर वेगळ्या भागात सरळ विंडोज घालता यायचं तशी सोय या नव्या चिपवर ॲपलनं ठेवलेली नाही. दिरांचं म्हणणं त्यांच्या घरासाठी बरोबर आहे.

क्रोमबुकही कुणीतरी सुचवेल. तुमच्या कामांना ते पुरणार नाही, तो विषय सोडून देऊ.

आता लेकीचं लिनक्स. तिच्या सीनियर मुलांनी तिला खरंच चांगलं सांगितलंय, त्यांना नाही म्हणू नका. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो, इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर त्याच्यावर चालतात, आणि जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटरांची जी यादी निघते तिच्यातली सगळी यंत्रं २०१७च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच आहेत. कॉम्प्युटरचं शिक्षण घेणाऱ्या मुलीनं लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला घाबरू नये. ती जितक्या लवकर शिकेल तितकं बरं.

पण त्यासाठी घरच्या लॅपटॉपमधून विंडोज पुसावं लागत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०१६ पासून दिली आहे, तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. एक आज्ञा दिली की उबुंटू हे लिनक्सचं एक रूप आत उतरतं आणि एका खिडकीत चालू होतं. सी, पायथन, गिट, सर्व्हर चालवून बघणं, पहिल्या दोन वर्षांत लागेल ते जवळपास सगळं तिथे होतं. वडिलांचं टॅली बाजूला तसंच राहतं. एवढं दोन्ही सुखानं चालावं म्हणून मेमरी १६ जीबी घ्या. तेवढ्यानं बजेट मोडत असेल तर ८ घ्या, पण आत मेमरीची एक जागा रिकामी आहे ना हे मॉडेलच्या माहितीपत्रकात आधी बघा. काही पातळ लॅपटॉपांत सगळी मेमरी बोर्डावरच चिकटवलेली असते. साठवणीला ५१२ जीबीचं एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, पुरे. प्रोसेसर आय फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह, शक्यतो अलीकडच्या पिढीतला. याच्यापेक्षा जास्त आकड्यांत शिरू नका, दुकानदार तुम्हाला त्यातच गुंतवेल.

पुढे कधी लेकीला वाटलं की नाही, मला लिनक्स वेगळ्या भागात पूर्ण बसवायचंय, तर तिला तेही करू द्या, फक्त एका अटीवर. नव्या विंडोज लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. ते सुरक्षेसाठी चांगलंच आहे. पण डिस्कचे भाग पाडताना किंवा बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदलल्यावर लॅपटॉप अचानक ४८ अंकी किल्ली मागतो. माझ्या भाच्यावर ही वेळ आली होती. ज्या ईमेलनं खातं उघडलं होतं तो दुकानातल्या पोरानं घाईत बनवलेला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. सेमिस्टरभराच्या फाइली त्या कुलुपामागे राहिल्या, त्या परत मिळाल्याच नाहीत. म्हणून लॅपटॉप आणला त्या दिवशी खातं घरच्याच ईमेलनं, घरीच बसून उघडा. ती किल्ली खात्यात जाऊन बघा, कागदावर लिहा आणि सातबारा ठेवता त्या फाइलीत ठेवा.

लॅपटॉप रोज एसटीनं जाणार, याची मला जास्त काळजी वाटते. टोकन त्याला लावून कधीच बाहेर पाठवू नका, ते कपाटात राहू दे. यजमानांचं आणि लेकीचं लॉगिन वेगळं करा. टॅलीच्या डेटाची प्रत दर शनिवारी एका वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क घराबाहेर न्यायची नाही. आणि टेंडर भरायचं असेल त्याच्या आदल्या रात्री लेकीनं विंडोज अपडेटला हात लावायचा नाही. तिला हे प्रेमानं सांगा, ती ऐकेल.

जुना लॅपटॉप विकू नका. तसाही त्याला कुणी फार पैसे देणार नाही. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टनं नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. थोड्या मुदतवाढीची सोय होती, पण ती मुदतवाढच. आणि २०१६चा प्रोसेसर विंडोज ११च्या अटींत बसत नाही. याचा अर्थ यंत्र मेलं असा नाही. ते दहा मिनिटं घेतं याचं मुख्य कारण आतली फिरणारी हार्डडिस्क आहे. ती काढून साधं एसएसडी घातलं आणि मेमरी ८ जीबी केली तर ते उठून बसेल. मग त्यावर लिनक्स मिंट घाला. मिंटचा पडदा विंडोजसारखाच दिसतो, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, तुम्हाला नवीन काही शिकावं लागणार नाही. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. वायफाय लागतो का, प्रिंटर ओळखतो का ते बघायचं आणि मगच पक्कं बसवायचं. हे काम लेकीकडे द्या. सीनियर मुलं सांगतात ते लिनक्स ती या जुन्या मशीनवर हात काळे करून शिकेल, आणि तयार झालेला लॅपटॉप तुमचा. स्वतःचा, फक्त तुमचा. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःचं काम सगळ्यात शेवटी आणि दोनच वाक्यांत लिहिलंय, ते मला टोचलं.

पण थांबा, ताई. जुन्या लॅपटॉपला स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी ओव्या बाहेर काढायच्या आहेत, आणि याच्यात घाई चालणार नाही.

त्या ओव्या मेलनं का जात नाहीत ते सांगते. प्रत्येक भाषेतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा देण्याची जी पद्धत आहे तिला युनिकोड म्हणतात. २००९ मध्ये ते होतं, देवनागरी त्यात १९९१ पासूनच आहे, पण गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे जुने फॉन्ट चालायचे. त्या फॉन्टांत एक युक्ती होती : इंग्रजी अक्षरांच्या खोक्यांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. तुम्हाला ‘क’ दिसतो, पण फाइलीत प्रत्यक्ष एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथे ओवी दिसते. जिथे नाही तिथे खोक्यातलं खरं अक्षर दिसतं. भावाला दिसली ती हीच. तुमच्या आईच्या ओव्या गेली इतकी वर्षं एका फॉन्टच्या भरवशावर, एका थकलेल्या हार्डडिस्कवर आहेत. विंडोज घ्या, मॅक घ्या, लिनक्स घ्या, हा प्रश्न कुठलीच सिस्टिम सोडवत नाही.

मला याची इतकी कळकळ का, तर माझ्या मामांनी आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. तो अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप झाला, ज्याला मागून एक कुलूप लावावं लागायचं, प्रिंटरच्या वायरीसारखं. मामा गेले, कॉम्प्युटर भंगारात गेला, कुलूप त्याच्याबरोबर गेलं. फाइल माझ्याकडे आहे. फॉन्टचं नाव कुणालाच माहीत नाही. दोनशेच्या आसपास पानं असतील आणि मला त्यातलं एक वाक्य वाचता येत नाही.

म्हणून येत्या रविवारी जुना लॅपटॉप शांतपणे चालू करा, हवी तेवढी मिनिटं घेऊ दे. ओव्यांची फाइल उघडा. एक ओळ निवडली की वर फॉन्टचं नाव दिसेल; ते कागदावर जसंच्या तसं लिहून घ्या, मागचे आकडेसुद्धा. मग कंट्रोल पॅनेलमधून फॉन्टचं फोल्डर उघडा आणि त्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. ओव्यांच्या मूळ फाइलीचीही प्रत घ्या. त्यानंतर त्या फाइलीची पीडीएफ बनवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार बरोबर जातात, त्यामुळे ती कुठेही दिसेल आणि छापताही येईल. एक प्रत छापूनच ठेवा. डीटीपीवाल्यानं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर ते सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर असणार. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, नव्या मशीनवर त्याच्यावर विसंबू नका, मजकूर इथेच निवडून वेगळ्या फाइलीत उतरवा.

एवढं हातात आलं की मग युनिकोडमध्ये बदलायचं. जुन्या फॉन्टांचा मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत. फॉन्टप्रमाणे कन्व्हर्टर वेगळा लागतो, म्हणून ते नाव लिहून घ्यायला सांगितलं. सगळ्या तीनशे एकदम टाकू नका. पाच ओव्या टाका आणि अक्षर न् अक्षर बघा. चुका ठरावीक जागी होतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार एक घर सरकतो. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्ध्या ‘र’चा. जुन्या फॉन्टात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसतात, कन्व्हर्टरमधून दोन्ही एकच होऊन बाहेर येतात. डोंगरातल्या दऱ्यांची ओवी समुद्राची होऊन जाईल आणि कळणारही नाही. ‘बिचाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ असे शब्द शोधून शोधून तपासा.

दुरुस्त्या करायला टायपिंग लागेल. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर कॉम्प्युटरवरही तसं लिहिता येतं, पण प्रत्येक सिस्टिमवर त्याची तऱ्हा थोडी वेगळी असते. माझा आग्रह इनस्क्रिप्टचा आहे. विंडोजमध्ये, मिंटमध्ये, मॅकमध्येही तो कीबोर्ड आधीच असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायचा, आणि अक्षरांच्या जागा सगळीकडे त्याच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’च्याच बटणावर शिफ्ट दाबलं की ‘ख’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. ‘र’वर शिफ्ट दाबलं की ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, आणि मग ‘य’ दिला की ‘ऱ्या’तलं हवं ते जोडाक्षर उमटतं. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलात तर बोटांना कळायला लागेल. एकदा ओव्या युनिकोडमध्ये आल्या की तुमच्या मिंटवर, लेकीच्या विंडोजवर, दिरांच्या मॅकवर, भावाच्या फोनवर त्या सारख्याच दिसतील, आणि शब्द टाकून शोधताही येतील.

तुमच्या आई आता किती वर्षांच्या आहेत ते पत्रात नाही. त्या असतील आणि बोलत असतील तर कन्व्हर्टरमधून निघालेल्या ओव्या छापून त्यांच्याजवळ बसा आणि एकेक वाचून दाखवा. कुठला शब्द चुकला ते त्या तुम्हाला ओवी संपायच्या आत सांगतील. आणि बाजूला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावून ठेवा, कारण एक ओवी दुरुस्त करता करता २००९ मध्ये न सांगितलेली दुसरी त्यांना आठवणार आहे.